गोबह म्हणजे उंची

मी, दत्तोपंत सदाशिव मोने, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त सरकारी मोजणीदार, राहणार महाड, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. भरीस घालायला घरात कोणी नाहीच.

१. चवदार तळ्यामागचे राहते घर पुतण्या कमलाकर यास द्यावे. तो गणपतीत येतो आणि परतीच्या गाडीची वेळ विचारतच उंबरा ओलांडतो. तरीही घर त्याचेच.

२. माझी पत्नी कै. सौ. अंबिका हिची तांब्यापितळेची भांडी घरकामाच्या राहीबाईस. शेवटच्या दुखण्यात अंबिकेचे सारे तिनेच केले. शेजारच्या रावजींनी माझ्या आंब्याची फांदी न विचारता तोडली. त्यांना काहीही देऊ नये.

३. जमिनीचा चढउतार मोजायची माझी लेव्हलची दुर्बीण एलोजी झिराडकर यांच्या मुलांकडे पोचवावी. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

सन १९३६ मध्ये वरंधजवळच्या वरच्या वाडीला ओढ्याचे पाणी पाटाने न्यायचे होते. एलोजी माझ्या हाताखाली होते. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी, बिरवाडीचे. ते दुर्बिणीतून आकडा सांगत, मी वहीत मांडत असे. दुपारी भाकरी खाताना मी विचारले, "तुमच्या हिब्रूत उंचीला काय म्हणतात?"

"गोबह," ते म्हणाले. शब्द आवडला म्हणून मी वहीत तोच मथळा घातला.

त्याच दिवशी ओढ्याची उंची माझ्या हातून सात फूट जास्त मांडली गेली. काम आटोपताना एलोजी म्हणाले, "दत्तोपंत, जुळत नाही. उद्या पुन्हा मोजू या."

"माझी वही आजवर चुकलेली नाही," मी म्हणालो.

पाट खोदला. पाणी वाडीच्या खालीच अडले. चौकशीत साहेबांनी विचारले, "दुर्बिणीवर कोण होते?" मी म्हणालो, "एलोजी." यात एक अक्षर खोटे नव्हते. त्यांची नोकरी गेली. अंबिकेने एकदाच विचारले, "वही तुमच्याच हातची ना?" मी वही कपाटात ठेवून दिली. पुढे ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

१९५१ साली एलोजी कुटुंबासह इस्राएलला निघाले. निरोपाला आले, पण ओटीवर बसले नाहीत. म्हणाले, "तो शब्द मी तुम्हांला अर्धाच सांगितला होता. उंची म्हणजे गोबह, आणि माणसाचा ताठाही गोबहच."

"बरं, या," एवढेच मी म्हणालो. नंतर तीन पत्रे लिहिली. एकही टपालात टाकले नाही.

४. वाडीच्या वरच्या अंगाची माझी जमीन, बारमाही झऱ्यासह, वाडीला द्यावी. निवृत्तीनंतर मी ती याचसाठी घेतली. हयातीत दिली असती तर लोकांनी कारण विचारले असते. कमलाकरने कलम ३ वाडीच्या देवळासमोर मोठ्याने वाचावे; त्यावाचून घराचा ताबा घेऊ नये.

साक्षीसाठी वाडीच्या महिपतींना बोलावून हे वाचून दाखवले. पंचवीस वर्षांत वाडीचे माणूस या घरी आले नव्हते. ते समोर बसले असतानाच पुढचे लिहितो.

"आमाला ठाव हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "त्या दिशी दुर्बिणीसमोर मोजणीची पट्टी धरून मीच उभा होतो. सगला ऐकलाय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"एलोजीसायेब बोलले, त्यांचा त्यांना सांगू द्या. आमी वाट बघत होतो."

मी चहा टाकू का, असे विचारले. "आज नको," ते म्हणाले आणि अंगठ्यासाठी शाई मागितली.

महाड, दिनांक ८ डिसेंबर १९६१

सही : दत्तोपंत सदाशिव मोने

आमच्यासमक्ष सही केली :
१. महिपती हैबती साळुंके, वरची वाडी (डाव्या हाताचा अंगठा)
२. गोमाजी दत्ताराम कदम, निवृत्त शिक्षक, महाड (सही)