मंगळवारचा फोन

शुक्रवार, ३० जून २००६. पार्क रायनी

गुलामभाईंनी फसवलं!

म्हणाले, दरवर्षीसारखी किनाऱ्यावरची दोन घरं घेतलीत. शेजारी कोण, तर "आपलेच लोक". डर्बनहून इथं पोचलो तर दारात जोहान्सबर्गची गाडी आणि पायरीवर सागरेन! माझा दीर, मॉर्गनचा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही दोघांनी.

मॉर्गन गळाच्या काठ्या खांद्यावर घेऊन तसाच उभा. गुलामभाई म्हणाले, "विचारलं असतं तर दोघंही आला नसतात. म्हणून कुणालाच नाही विचारलं. मारायचं तर मला मारा, शाळेतही तुमच्यापायी मीच मार खायचो." कुणी हसलं नाही. मॉर्गन मला म्हणाला, "सामान उतरव." बस्स.

सागरेननं मात्र वाकून नमस्कार केला. "बरी आहेस ना, अण्णी?"

मला वर बघवेना.

शनिवार, १ जुलै

सगळे खडकांवर गेलेत. लिहून टाकते एकदाचं. आजवर कुठं लिहिलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे अंथरुणाला खिळल्या होत्या. चार महिने. मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा." मॉर्गन कामावर होता. दुपारी सागरेनचा फोन आला. "अण्णी, अम्मा कशी आहे? निघू का? आत्ताची बस मिळेल."

मी म्हणाले, "छे, काही गरज नाही. आज आंबील प्यायली. शनिवारी ये निवांत."

दोन चमचे प्यायल्या होत्या. तेवढंच खरं.

का बोलले असं? वासी आठवली — सागरेनची बायको. मागच्या खेपेला आली तेव्हा खुर्चीत बसून म्हणाली होती, "अक्का, चादरीला वास येतोय." आणि सागरेन दिसला की म्हातारीचा चेहरा असा उजळायचा! माझ्यासाठी कधी उजळला नाही. मी हगणं-मुतणं काढत होते, रोज. वाटलं, चार दिवस उशिरा येऊ देत. काय बिघडतंय?

बुधवारी पहाटे त्या गेल्या. "सागर आला का?" तीनदा विचारलं.

अंत्यविधीच्या दिवशी दोघं भाऊ अंगणात भांडले. मी आत चहा गाळत होते, नुसता आरडाओरडा ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर सागरेन गाडीत बसून निघालेला. सोळाव्या दिवसाच्या विधीलाही आला नाही. त्यानं माझं नाव कुणाला सांगितलं नाही. माझी लाज राखली त्यानं. मी त्याची राखली नाही.

रविवार, २ जुलै

समुद्र खवळलेला. मासा नाही. वासी आणि मी लसूण सोलला, वाटीभर. एक शब्द नाही.

सोमवार, ३ जुलै

दोघं भाऊ एकाच खडकावर, तीस पावलं अंतर ठेवून. मधे गुलामभाई, पोस्टमन!

"त्याला सांगा, गळाला शिसं जड लाव, ओढ आहे पाण्याला."

"त्यांना सांगा, मला दिसतंय."

"अरे, मी सत्तरीला आलो," गुलामभाई ओरडले, "एक तर बोला, नाहीतर मला पगार द्या!"

मॉर्गन चक्क हसला. मी पाहिलं. खालमानेनं, पण हसला.

आज सांगायला हवं होतं. चहा घेऊन गेलेही होते. तो म्हणाला, "ठेव तिथं." ठेवला आणि परत आले.

बुधवार, ५ जुलै

तारल्या आल्या! सकाळी पक्षी धडाधड पाण्यात सूर मारायला लागले आणि सगळा किनारा धावत सुटला — बादल्या, टोपल्या, कुणी नेसूचा ओचा पसरून. पाणी नुसतं चांदीसारखं सळसळत होतं. मॉर्गन कंबरभर पाण्यात गेला, लाट आली, आडवाच झाला! सागरेननं कपड्यांसकट उडी घेतली, मानगूट धरून बाहेर काढलं.

"म्हातारा झालास, अण्णा!"

"आणि तू? पोट बघ! कितव्या महिन्यातलं?"

दोघं वाळूत बसून खोकत होते, हसत होते. गुलामभाई डोळे पुसत म्हणाले, वारा आहे फार.

दुपारी अंगणात तारल्या तळल्या. सगळे एका चटईवर. वासीनं स्वतःहून माझ्या ताटात लोणचं वाढलं. मॉर्गन काटे काढता काढता म्हणाला, "अम्माला किती आवडायच्या." मग काटा ताटाच्या कडेला ठेवत — "एक दिवस आधी आला असतास, सागर."

सागरेननं ताट खाली ठेवलं. हात न धुताच आत गेला.

वासी माझ्याकडे वळली. म्हणाली, "देऊळ तुमचं, अक्का, पुजारीणही तुम्हीच. आत कुणाला सोडायचं ते तुम्ही ठरवायचं."

तिला ठाऊक आहे.

मॉर्गन म्हणाला, "ही काय बोलते?" आणि मी — मी कढईतलं तेल गाळायला उठले. तेव्हा चहा, आता तेल, अजूनही गाळतच होते मी!

गुरुवार, ६ जुलै

त्यांची गाडी भरली. गुलामभाईंनी दारात हात पसरले, पण सागरेन म्हणाला, "प्रयत्न केलात, भाई. खूप झालं." निघताना पुन्हा वाकला माझ्यासमोर. मी डोक्यावर हात ठेवला. फोन धरलेला, तोच हात.

गाडी वळणावर उसाआड गेली. आज सांगणार. मॉर्गन खडकावर एकटाच आहे. ही वही मिटते आणि जाते.

शुक्रवार, ७ जुलै

सांगितलं. सगळं. आंबिलीसकट.

त्यानं रीळ गुंडाळून संपवलं. मग म्हणाला, "हे सागरनं मला तेव्हाच सांगितलं होतं. अंगणात. मी त्याच्या थोबाडीत मारली. म्हटलं, स्वतःची लाज झाकायला माझ्या बायकोवर आळ घेतोस?"

गाडी घेऊन जोहान्सबर्गला गेला. ओल्या विजारीनं, सहाशे किलोमीटर.

आज सकाळी फोन आला. गुलामभाईंना. पोचलाय. भावानं दार उघडलं.

माझ्यासाठी काही निरोप? — मी विचारलं. गुलामभाई मॉर्गनच्या काठ्या गोळा करायला लागले.