दोन पावलं डावीकडे

वेस्टमिन्स्टर,
६ नोव्हेंबर १९३४

प्रिय लायोनेल,

तू बरा असशील, मेरियनचा खोकला कमी झाला असेल आणि तुझं ते आगाऊ कुत्रं अजून टपालवाल्याच्या पायांत येत असेल, असं धरून चालतो. माझं नेहमीचंच. नदीवरून गारठा येतो, गुडघे कुरकुरतात आणि भर दुपारी तंग मोजे नि केसांचा टोप चढवून लॉर्ड्सच्या सभागृहात अध्यक्ष म्हणून लोकरीच्या गादीवर बसायचं. पाठ टेकायला काही नाही. कोर्टाचं नवं वर्ष सुरू होताना मी देतो त्या ऑक्टोबरच्या न्याहारीला सगळ्या न्यायाधीशांदेखत तू विचारलंस, "काय रे ऑब्रे, लॉर्ड चॅन्सेलर झालास, पण खुर्ची कुणी दिली नाही वाटतं?" सगळे हसले, मीही हसलो. तेव्हाच तुला बाजूला घ्यायला हवं होतं.

त्या गादीची गंमत तुला ठाऊकच आहे. असते सभागृहात, पण रिवाजाने ती सभागृहाच्या बाहेरची मानतात. स्वतःचं काही म्हणायचं तर उठायचं, दोन पावलं डावीकडे सरकायचं, मग बोलायचं. काल तसाच सरकून सरकारच्या वतीने एका विधेयकावर बोललो. त्यातलं निम्मं मला पटत नाही. आज सकाळी अपिलात न्यायाधीश. मंत्री मीच, न्यायाधीश मीच, न्यायाधीश नेमणारा नि काढणाराही मीच. लोकांना हा केवढा अधिकार वाटतो! मला तीन दारांची खोली वाटते, तिन्ही दारं बाहेरून लावलेली.

काढणारा म्हटलं, ते उगीच नाही.

हॅरोबीहून पत्र आलंय. मिसेस टॅपलो नावाच्या बाईंचं. मार्चमध्ये त्यांच्या घराचा खटला तुझ्यापुढे होता. त्या लिहितात, "मी साक्ष देत होते आणि जज्जसाहेब झोपले होते. मी दोनदा थांबले. कारकून म्हणाला, बोला बाई, बोलत राहा. मी बोलत राहिले."

घरमालकाचा वकील उठला तेव्हा तू जागा झालास. निकाल त्याच्या बाजूने लागला. बाई आता तीन मुलांना घेऊन बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपतात.

माझ्या सचिवाने, पेनफोल्डने विचारलं, "साहेब, त्यांच्याविरुद्ध ही पहिलीच तक्रार ना?"

मी म्हटलं, "हो."

लायोनेल, ही चौथी, आणि चारही तुझ्या झोपेच्याच. पहिल्या तिन्ही गेली दोन वर्षं माझ्या खणात पडून आहेत. तू रात्र रात्र खोकणाऱ्या मेरियनला धरून जागा बसतोस, हे मला ठाऊक होतं. वाटलं, सुटीत भेटू तेव्हा बोलू. भेटलो, चार दिवस मासे धरले, आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. त्या बाईंचं घर तुझ्या झोपेने गेलं, तसं माझ्या खणानेही गेलं. मला लाज वाटते रे.

आज दुपारी चारही पत्रं पेनफोल्डच्या हातात दिली. मी खोटं बोललो होतो हे त्याला कळलं. आता ती परत खणात जाणार नाहीत.

तू भडकशील. "मला नेमलंस तेव्हा बरा होतो का?" म्हणशील. होतास, फार चांगला होतास. पण कायदा सांगतो की अशा न्यायाधीशाला लॉर्ड चॅन्सेलरने दूर करावं, आणि एकदा दूर केलं की ते नावाला कायमचं चिकटतं. त्याआधी प्रकृतीचं कारण देऊन तूच राजीनामा दे. आणखी एक मागतो, ते राजीनाम्यापेक्षा जड आहे. झोप लागली होती, एवढं एका कागदावर लिहून दे. त्याशिवाय मिसेस टॅपलोंचा खटला पुन्हा उघडणं कठीण आहे.

हे पत्र पेनफोल्डला न दाखवता लिहितोय, दोन पावलं डावीकडे सरकून. शुक्रवारच्या दुपारच्या टपालापर्यंत इथेच उभा आहे. मग मला गादीवर जाऊन बसावंच लागेल, आणि तिथून जे पत्र निघेल त्याची सुरुवात 'प्रिय लायोनेल' अशी नसेल.

मेरियनला माझा नमस्कार सांग. तिला हे तूच वाचून दाखव.

शुक्रवारपर्यंत तुझाच,
ऑब्रे