दोन उमेदवार, एक वॉर्ड

शिकागो, ५ जानेवारी १९७५

चर्चच्या तळघरातली बैठक उधळली! बेर्तोदादा म्हणतो, वॉर्डात मीच उभा राहणार. शाळेतल्या कॉन्सुएलोबाई म्हणतात, मी. आम्ही प्वेर्तो रिकोचे, त्या मेक्सिकोच्या. दोघं उभे राहिले की मतं फुटणार आणि म्हातारा नगरसेवक पुन्हा बसणार— ज्याला आमच्या गल्लीतला कचरा कधी दिसलाच नाही. मांजरं भांडणार, लोणी माकडाला!

दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "आम्ही प्वेर्तो रिकोवाले जन्मापासून अमेरिकेचे नागरिक. तुमच्यातल्या निम्म्यांना मत तरी आहे का?"

बाई म्हणाल्या, "घरमालक 'जागा नाही' म्हणतो, तेव्हा तुमचं गाव विचारून म्हणतो का हो?"

दादाची लाज वाटली मला.

७ जानेवारी

बाईंनी मक्याच्या पानांत उकडलेले तमालेस पाठवले. दादाने चार हाणले, वर म्हणे, "नुसतं तिखटजाळ!" अर्ज मागे घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत. दोघंही हटत नाहीत.

८ जानेवारी

 आमच्या मिठाईच्या कारखान्यात इमिग्रेशनवाले घुसले. स्पॅनिश बोलणारे सगळे भिंतीकडे! माझ्या शेजारी निकानोर— मेक्सिकोचा, कागद नाहीत. अशांनी घोकून ठेवलेलं असतं: विचारलं तर म्हणायचं, प्वेर्तो रिको, गाव पोन्से. तसंच म्हणाला. "पोन्सेत गल्ली कुठली?" निकानोरने माझ्याकडे पाहिलं. अधिकारी माझ्याकडे वळला. "तू ओळखतेस याला?"

"सख्खा भाऊ आहे माझा," म्हटलं, आणि माझा प्वेर्तो रिकोचा जन्मदाखला पुढे केला.

"तुम्ही सगळे सारखेच!" खेकसला आणि पुढे गेला.

संध्याकाळी दादा भडकला. "सरकारशी खोटं बोललीस? आत गेली असतीस, नेइदा! कोण लागतो तो तुझा?"

"त्या साहेबाला आपण सारखे दिसतो. तुलाच तेवढे वेगळे दिसतो!"

ताटावरून उठून गेला.

९ जानेवारी

दादा फिरकला नाही. बाई फोन उचलत नाहीत. 

१० जानेवारी

दादाने अर्ज मागे घेतला— बाईंसाठी! आणि बाईंनीही घेतला— दादासाठी! दादाला माझं बोलणं लागलं होतं; बाईंना निकानोरने कारखान्यातलं सगळं सांगितलं होतं. एकमेकांना विचारायचं तरी! मतपत्रिकेवर आता एकटा म्हातारा. तळघरात नुसता आरडाओरडा. दादा डोकं धरून बसलेला.

शेवटी बाई म्हणाल्या, मतदाराने हाताने नाव लिहिलं तरी चालतं, आधी नोंदवावं लागतं एवढंच.

"पण लिहायचं कुणाचं?" दादा म्हणाला.

मागून निकानोर ओरडला, "माझ्या बहिणीचं!" मत नाही त्याला, पण आवाज केवढा! सगळे माझ्याकडे वळले. दादासुद्धा.

मी तडक घरी आले.

११ जानेवारी

उभी राहायला मी हो म्हणाले.