कुठली करडी?

ठाणाकुशनूर
१८ मार्च

प्रिय शैलू,

रोज फोनवर बोलतो, मग अप्पाला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं म्हणशील. अगं, फोन तुझ्या अव्वाच्या खाटेशीच असतो, आणि ओसरीत जाऊन बोललो तरी तिला सगळं ऐकू जातं. जीभ अडखळली, पण कान पहिल्यापेक्षा तिखट झालेत. म्हणून शेजारच्या सिद्धव्वाला तिच्यापाशी बसवलं आणि वही घेऊन बांधावरच्या लिंबाखाली आलोय.

तब्येत आहे तशीच आहे. उजवा हात, उजवा पाय अजून हलत नाही. डाव्या हातानं पातळ वरणभात खाते, निम्मा सांडते, आणि सांडला की माझ्याकडं बघत नाही. तिची वेणी घालायला मी शिकलोय. परवा सिद्धव्वा म्हणाली, "गुंडेराव, वेणी घालायलाव की म्हशीचा कासरा वळायलाव?" त्यावर अव्वा अर्ध्या तोंडानं हसली. महिन्याभरात तेवढंच एक हसू. डॉक्टरांना विचारलं की बोलणं परत येईल का, तर ते म्हणाले, सांगता येत नाही. गाडीत बसवून लांब न्यायचं तर नावच काढू नका म्हणाले.

तोंडातून शब्द एकच निघतो, करडी. सकाळी करडी, जेवताना करडी, माझा हात धरून करडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिद्धव्वाच म्हणाली, "बाईचा जीव रानात अडकलाय." मग आम्ही करडीचं तेल चोळलं. नव्या राशीतली मूठभर करडी तिच्या तळहातावर ठेवली, तर तिनं खाटेच्या कडेवर हात नेऊन मूठ उघडली. दाणे चिमण्यांनी खाल्ले. मी काय करू, मला काही सुचत नाही. तू त्या दिवशी फोनवर विचारलंस, "अप्पा, कुठली करडी?" मी म्हणालो, शेतातली.

ही भानगड आपल्या घरात किती जुनी आहे, ते तुला अव्वानं शंभरदा सांगितलंय. तरी सांगतो, आज मला सांगू दे. लग्न होऊन ती गुलबर्ग्याकडून आली तेव्हा तिला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या माहेरी करडीला कुसुबी म्हणतात, आणि करडी म्हणजे अस्वल. चौथ्या दिवशी माझ्या आईनं तिला डबा दिला आणि सांगितलं, "करडीत जा, तिकडं गुंडू हाय." पोरीला एवढंच कळलं की नवरा अस्वलात आहे! ती डबा टाकून चुलीमागं जाऊन बसली. गाव महिनाभर हसलं. ती मात्र रडून झाल्यावर, मोडकंतोडकं मराठी यायला लागलं तेव्हा, मला म्हणाली, तुमच्या करडीला नुसते काटे आहेत, मला केसांची करडी दाखवा, रानात मोकळी फिरणारी. मी व्हय म्हणालो. एकेचाळीस वर्षं मी व्हयच म्हणतोय.

तू मोठी झालीस आणि तुम्हा दोघींचे बेत सुरू झाले. दरोजीच्या अभयारण्यात अस्वलं आहेत, दुपारनंतर खडकावर उतरतात, हे तू वाचून दाखवलंस आणि तिनं ते पाठ केलं. भडक रंग चालत नाही म्हणून मातकट साडी घेतली. बांगड्या वाजून अस्वल पळायला नको, पण सवाष्णीनं काढायच्या कशा, म्हणून त्यांच्यावर रुमाल बांधून घरात चालून बघायची. तू पाठवलेल्या दुर्बिणीतून ती आपल्याच तुरीत शिरलेली काळविटं बघायची, आणि मी हाकलायला निघालो की मलाच ओरडायची. एका साली म्हैस व्यायली, एका साली पुतणीचं लग्न निघालं. दर साली कारण माझंच असायचं. ती फक्त साडीची घडी बदलून ठेवायची.

यंदा तू सुट्टी काढलीस, खोल्या ठरवल्यास. अकरा, बारा, तेरा फेब्रुवारी. आणि करडी कापायचं मशीन गावात त्याच तीन दिवसांत आलं. मी म्हणालो, आधी ही करडी, मग ती करडी. मला तो मोठा विनोद वाटला. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. ती मात्र म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, अस्वल कुठं पळून जायलंय." आणि बारा तारखेच्या दुपारी, मशीनवाल्यांच्या भाकरी थापता थापता ती चुलीपुढं कलंडली. तेव्हा आपण तिघं दरोजीला, अस्वलं बघायच्या मनोऱ्यावर असायला हवं होतं.

तुला म्हणालो होतो ना, खिळा सैल झाला म्हणून कॅलेंडर काढून ठेवलं? खिळा पक्का आहे, शैलू. त्या तीन तारखांवर तिनं कन्नडमध्ये करडी लिहिलंय, आणि त्याच्याच खाली, त्याच चौकटीत, मी मराठीत करडी लिहिलंय. दवाखान्यातून आणल्यावर ती डावा हात उचलून तिकडंच दाखवायची. ती कुठली करडी म्हणतेय, ते मला पहिल्या दिवसापासून कळतंय. सिद्धव्वाला कळलं नाही, मला कळत होतं. तरी मी तेल चोळत बसलो, तिच्या हातावर दाणे ठेवले, तुझ्याशी खोटं बोललो. कळलंय म्हणालो असतो, तर पुढं काय करायचं होतं? नेता येत नाही. आता अस्वल घरी आणू का?

म्हणून हे पत्र. तू एकटी जा. दुर्बीण मातकट साडीत गुंडाळून ठेवलीय, ती घेऊन जा आणि नीट बघ, घाई करू नकोस. मग इकडं ये आणि अव्वाजवळ बसून सगळं सांग, तिच्या कन्नडमध्ये सांग. मी करडी म्हटलं की ती डोळे मिटून घेते. आणि आधी एवढं सांग, की अप्पाला कळत होतं. मला तिच्या तोंडावर ते सांगता येत नाही. तू सांगशील तेव्हा मी ओसरीत बसेन, तिथं सगळं ऐकू येतं.

तुझाच,
अप्पा