चुडाव्याच्या फाटकापाशी

१० ऑक्टो.
दसरा परवावर. गाडी धुतली. बोअरची मोटार लावून पाइप सरळ बॉनेटखाली धरला. दोन वर्षांचा चिखल, तेल, काडीकचरा, सगळं वाहून गेलं. सु. ओट्यावरून सांगत होती, "अहो, इंजिनवर पाणी मारू नका म्हणं. क्लासवाल्यानं दहादा सांगितलंय." मी म्हटलं, नववीला विज्ञान कोण शिकवतं, तू का मी? लायसन मिळून सहा महिने झाले नाहीत, तर बाईसाहेब नवऱ्यालाच गाडी शिकवायल्यात. हसली आणि आत गेली.

१२ ऑक्टो. दसरा
हार, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. आपटा वाटून आलो. गाडी उभ्या उभ्या मध्येच मोठ्यानं रेस घेते, मग आपली आपण खाली येते. ओल असेल कुठंतरी. ऊन लागलं की जाईल.

१५ ऑक्टो.
शेजारच्या धोंडीमामांना चुडाव्याला सोडलं, लेकीकडं. मामा रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर, सत्तरी ओलांडली तरी सायकल सुटत नाही. आज ती पंक्चर, म्हणून माझ्या वाट्याला आले. फाटक लागलेलं. मालगाडी गेली, फाटक उघडलं. पहिला गिअर टाकला, रेसला नुसता पाय लागला तोच गाडी उसळली. पुढं सोयाबीनची ट्रॉली, वीतभर राहिली. मामा म्हणाले, "बापू, दमानं की!" म्हटलं, चप्पल अडकली. मामांनी वाकून माझ्या पायाकडं बघितलं. पायात बूट होते. 

सु.ला सांगितलं नाही. उगीच धसका घेईल, रोज एकटी गाडीनं तिच्या शाळेवर नोकरीला जाते. शिवाय पाण्याचं तिचं खरं निघेल. दोन्ही कारणं लिहिली. खरं दुसरं.

१७ ऑक्टो.
फार वाईट दिवस. सकाळी सु. शाळेला निघाली. मी गेट धरून उभा. मामा सायकल हातात धरून गल्लीतून येत होते. गाडी हळूच गेटाबाहेर आली आणि एकदम उसळली. सायकल बंपरखाली, मामा गटारीच्या कडेला पालथे. उजवं मनगट मोडलं. जीप बोलावून पूर्णेला नेलं, प्लास्टर घातलं. आपली गाडी काढायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मी काय केलं? मामांना उठवायच्या आधी बायकोवर ओरडलो. "पाय कुठं ठेवतीस? डोळे फुटले का?" अर्धी गल्ली जमलेली. कुणीतरी म्हणालं, बायकांच्या हातात गाडी दिल्यावर असंच व्हायचं. त्यालाही काही बोललो नाही.

सु.नं किल्ली आत नेऊन खिळ्याला अडकवली. जीपमध्ये मामांचा हात मांडीवर धरून बसली होती.

१९ ऑक्टो.
सु. पाचला उठते. सहाची एसटी, फाट्यावर उतरून चार किलोमीटर पायी. गाडी शिकली ती ह्याच पायपिटीला कंटाळून. संध्याकाळी मामांकडं डबा. मामा एकटेच असतात, उजवा हात गळ्यात, म्हणून ही घास भरवते.

आज पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझाच पाय गेला असंल. मला कळलंबी न्हाई बगा." असं म्हणून स्वतःच्या पायाकडं बघत राहिली.
 तरी चुडाव्याचं सांगितलं नाही.

२१ ऑक्टो.
शेवटी गाडी रफिकभाईकडं नेली. जेमतेम किलोमीटरभर अंतर, तेवढ्यात तीन झटके, पाय जागचा हलला नव्हता. मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. रफिकभाईनं प्लग साफ केले, एअर फिल्टर झटकला. फरक नाही. "सर, वायरिंगचा लोचा दिसायलाय. उद्या मीटर लावतो."

२२ ऑक्टो.
सापडलं. थ्रॉटल सेन्सर. बोटाएवढी काळी डबी, आपण रेस किती दाबली ते इंजिनला कळवणारी. रफिकभाईनं काटेवाला मीटर लावला आणि रेसची तार हातानं सावकाश ओढली. काटा चढत गेला, सुरुवातीच्याच एका जागी धपकन खाली पडला, परत वर. पुन्हा ओढली, पुन्हा तिथंच. दहा वेळा करून दाखवलं. "पाय एकीकडं हाय सर, अन् ह्यो सांगायलाय भलतंच. चालवनारा काय करंल?"

मग कनेक्टर काढला. आतल्या पिना हिरव्यागार. "पानी मारलं होतं का इंजिनात?"
म्हटलं, थोडंसं.
"कुनी?"
माझ्या तोंडून निघालं, दसऱ्याला धुतली होती. कुणी ते सांगितलंच नाही. त्यानंही परत विचारलं नाही.

२३ ऑक्टो.
रजा टाकून परभणी. दुकानदारानं काउंटरवर तीन सेन्सर मांडले, दिसायला तिन्ही सारखे. "जुना कुठाय?" जुना रफिकभाईच्या टपरीत. जुना सोबत न्यायचा असतो, हे विज्ञानाच्या मास्तराला काउंटरवर कळलं. अंदाजानं एक आणला. पिना वेगळ्या. उद्या परत.

२५ ऑक्टो.
काल परत जाऊन बरोबरचा आणला. आज बसवला. दोनच स्क्रू, पण त्यांची भोकं लांबट, डबी थोडी इकडं तिकडं फिरते. रफिकभाई केसभर फिरवायचा, मीटर बघायचा, परत फिरवायचा. अर्धा तास. कनेक्टरही नवा जोडला. काटा खालून वर एकसारखा गेला. बाजारातून फिरवून आणली, एक झटका नाही.

जुना सेन्सर खिशात घालून घरी आलो. सु. भाजी निवडत होती. परातीत तिच्यापुढं ठेवला, सगळं सांगितलं. काटा कुठं पडतो, पिना कशा हिरव्या झाल्या. पाणी मीच मारलं, तुझं ऐकलं नाही, हेही सांगितलं. तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.
"म्हंजी माझा पाय न्हवता."
म्हटलं, नव्हता.
पदर तोंडाला लावून रडली. नंतर हसायला लागली. मलाही भरून आलं. वाटलं, सुटलो.
तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमाला कदी केलं न्हवतं का हो गाडीनं असं?"
म्हटलं, नाही.
का म्हटलं? इतकं सगळं सांगून झालं होतं. एवढंच राहिलं होतं.

२६ ऑक्टो.
संध्याकाळी दोघं मामांकडं. सु.ला कधी एकदा सांगते असं झालेलं. "मामा, माझा पाय न्हवता. गाडीचं यंत्र खराब झालतं."
"मला माहीत हाय पोरी, तुझा पाय न्हवता."
तिला वाटलं, मायेनं म्हणाले. चहा ठेवायला आत गेली.
मामा माझ्याकडं वळले, आवाज खाली. "चुडाव्याला तुझ्या बाजूला मीच बसलो होतो की, बापू."
म्हटलं, मामा, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?
"मी बोलून काय? तिला तुझ्या तोंडून पायजे. आज बोलंल, उद्या बोलंल, नऊ दिस वाट बघायलोय. ती घास भरवायली की घशात अडकायलाय माझ्या."
सु. चहा घेऊन आली. मामांच्या ओठाला बशी लावली. 
घरी आल्यावर फाटकाचं नाव जिभेवर आलं होतं. ती दिवाळीच्या सामानाची यादी सांगत होती. ऐकत राहिलो. उद्या नक्की सांगतो.

२८ ऑक्टो.
काल सांगितलं नाही. रविवार होता, पाहुणे होते. पाहुणे चारलाच गेले.

आज सकाळी तिनं खिळ्यावरची किल्ली काढली. गाडी गेटाबाहेर अर्धी काढून थांबवली, खाली उतरून गल्ली दोन्ही बाजूंनी पाहिली, मग परत बसली. पूर्वी असं करत नव्हती. मी गेट धरून उभा. मामा त्यांच्या ओट्यावर. गाडीकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

शाळेत नववीच्या प्रयोगवह्या तपासल्या. तिघांनी प्रयोग न करताच आकडे पुस्तकातून उतरवलेले. लाल पेननं लिहिलं, 'जे दिसले तेच लिहावे.' तिसऱ्या वहीवर लिहिताना हात थांबला.

आता साडेपाच. टेबलावर जुना सेन्सर आहे आणि ही वही. पंधरा तारखेचं पान काढून ठेवलंय. बोलायला जमलं नाही तर पान पुढं करीन. तिला माझं अक्षर लगेच लागतं. 'खरं दुसरं' तेही वाचेल. ते खोडावंसं वाटलं होतं. खोडलं नाही.

बाहेर हॉर्न वाजला. तिचाच. गेट उघडतो.