टक् म्हणजे खोटं

प्रिय सिद्ध्या,

पाच महिने टाळतोय हे पत्र. दोनदा वही उघडली, एकदा तर फक्त पेन चालतंय का ते बघून बंद केली. तुला माहितीये ना, मला एका जागी बसवत नाही. पण खरं कारण ते नाही. ते येईल पुढे.

आज बसलो, कारण अंधेरीला चहाच्या टपरीवर दोन पोरी भलत्याच भाषेत बोलत होत्या. प्रत्येक शब्दात 'र्फ' घुसवून, सुसाट. मला ओ की ठो कळलं नाही. हसलो आणि तुला सांगायला बाजूला वळलो. बाजूला नुसतं बाकडं.

आपली त्याहून भारी होती, यार! सातवीत होतास तू. चारकोपच्या आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून अख्खी भाषा काढलीस, कारण सेक्रेटरीकाका आपले क्रिकेटचे बेत ऐकायचे आणि बॉल जप्त करायचे. शब्द उलटा करायचा, बस. 'पळ'चं 'ळप', 'गच्ची'चं 'च्चीग'. मी दोन शब्द जुळवेपर्यंत तुझी एका ओव्हरची कॉमेंट्री संपलेली असायची. एवढं डोकं परीक्षेत कुठे लपवायचास रे?

बी विंगच्या पोरींनी आठवड्यात भाषा फोडली. मी म्हटलं, वाट लागली. तू संध्याकाळी आलास आणि म्हणालास, "वाक्य संपलं की जीभ टाळूला लावून टक् करायचं. टक् केलं की बोललेलं सगळं खोटं."

दुसऱ्या दिवशी पोरी मैदानात उन्हात आपली वाट बघत बसल्या आणि आपण गच्चीवर तुझ्या आईने दिलेली कैरी खात. काकू त्या कैरीला तिखट-मीठ लावायची ना, त्यात भाजलेलं जिरं कुटून... जाऊ दे, कुठे चाललो मी.

उलटी भाषा दहावीनंतर सुटली. टक् राहिलं. इंटरव्ह्यू मस्त गेला, टक्. पोटभर जेवलोय, टक्. लोकांना पानंच्या पानं लिहून जे सांगता येत नाही, ते तू एवढ्याशा आवाजात बसवलंस.

आता ते कारण. हॉस्पिटलात तुझ्या उशाशी मी उभा, खांद्याला बॅग. नाशिकला शूटिंगच्या लाइटचं काम मिळालं होतं. काकू बाटलीत पाणी ओतत होती. तू म्हणालास, "बरा आहे मी. जा तू बिनधास्त."

आणि मग, टक्.

मी ऐकलं, सिद्ध्या. स्पष्ट ऐकलं. जिना उतरेपर्यंत स्वतःला पटवलं, की तापाने तोंड सुकलं असेल, म्हणून जीभ वाजली. तिसऱ्या दिवशी नाशिकला फोन आला.

तू पण ना! सरळ 'थांब' म्हणाला असतास तर? पण काकूसमोर कसा म्हणशील. अशा वेळेसाठीच तर टक् होतं. आणि ते कळणारा अख्ख्या मुंबईत मी एकटा.

तेव्हापासून तुझ्या घरी गेलेलो नाही. काकूला काय तोंड दाखवू?

थांब, बेल वाजली.

सिद्ध्या, काकू आलीय! बोरिवलीला, माझ्या खोलीवर. एकटी, रिक्षाने, हातात डबा. मला वाटलं, आता ऐकवेल. तिने डबा पुढे केला. मीच विचारलं, "कशी आहेस काकू?"

"बरी आहे रे," म्हणाली. चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि जीभ टाळूला लावून, टक्.

म्हणजे तिला येत होतं. म्हणजे त्या दिवशी तिनेही ऐकलं होतं.

चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत एवढंच लिहितो. या वेळी मी बॅग उचलणार नाही. नीट कान देऊन ऐक, यानंतर टक् नाहीये.

तुझा,
मंग्या