बाळ आत नेताना

प्रिय आई,

लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डातले माझे शिकायचे दिवस आज संपले. शिकले काय म्हणशील, तर हात मागे बांधून कोपऱ्यात उभं राहायला! पण आज सकाळी सर्जन मॅडम म्हणाल्या, "बाळाला तू आत घेऊन ये."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी त्याची आई काही केल्या बाळ सोडेना. मी म्हटलं, "ताई, मी तान्ही असताना माझंही पोटाचं ऑपरेशन झालंय. बघा, केवढी झालेय!"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमची आई तेव्हा काय करत होती?"

तू ते कधी सांगितलं नाहीस, मीही कधी विचारलं नाही. शेवटी म्हटलं, "इथेच, दाराबाहेर बसली होती." तेव्हा कुठे तिने बाळ माझ्या हातात दिलं.

ऑपरेशन छान झालं. दुपारी बाळाने असं भोकाड पसरलं की त्याची आई रडता रडता हसायला लागली.

हे पत्र मात्र पाठवत नाही. वाचून एकटीच रडत बसशील. रविवारी घरी येते. मी तिला खरं सांगितलं की थाप मारली, ते तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचंय.

तुझी,
अर्धवट डॉक्टरीण